हल्क, वेताळ आणि गणपतीचा उंदीर

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण साठच्या दशकातल्या कॉमिक्सवीरांना मधलं अख्खं पान दिलंत. आमच्याकडे पुरवणी आधी नातवाच्या हातात जाते, मग सुनेच्या, आणि शब्दकोड्यापुरती शेवटी माझ्याकडे येते. या वेळी नातू ते पान घेऊन माझ्या पुढ्यात उभा राहिला. "आबा, यात लिहिलंय की तुमच्या लहानपणी आपल्याकडे कॉमिक्स नव्हतीच. मग तुम्ही वाचायचात काय?" आठवीत आहे, खोचकपणा काही नव्हता त्यात. पण मला झोंबलं. चाळीस वर्षं छापखान्यात काढलेला माणूस मी, छापलेल्या कागदाशी वाद घालायची सवय जात नाही.

आधी सालं दुरुस्त करतो, म्हणजे मोकळा होतो. वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, आणि जादूगार मॅन्ड्रेक हे साठच्या दशकातले नव्हेत. मॅन्ड्रेक १९३४ चा, वेताळ १९३६ चा. दोघांचा बाप एकच, ली फॉक. लेखकाचा घोळ कशाने झाला असेल तेही माझ्या लक्षात येतं. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांचं 'इंद्रजाल कॉमिक्स' मार्च १९६४ मध्ये सुरू झालं आणि पहिले बत्तीस अंक एकट्या वेताळाचे निघाले. शिवाय आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोर जो वेताळ आहे, तो चित्रकार साय बॅरीच्या हातचा, आणि बॅरीने ते काम १९६१ मध्ये घेतलं. तेव्हा जन्म छत्तीसचा असला तरी आमची ओळख साठीतलीच. एवढी सूट लेखकाला देऊन टाकतो.

स्पायडरमॅनला देत नाही. त्याचं साल १९६३ छापलंय. त्याच्या नावाची स्वतंत्र अंकमाला मार्च १९६३ पासून, हे खरं. पण पोरगा पहिल्यांदा दिसला तो ऑगस्ट १९६२ च्या 'अमेझिंग फँटसी'च्या पंधराव्या अंकात. ते मासिक बंद व्हायचंच होतं. हा शेवटचा अंक. बुडत्या गाडीत बसवलेला हा प्रवासी साठ वर्षांनंतरही उतरायला तयार नाही. चित्रं स्टीव्ह डिट्कोची, हे नावही पानावर कुठे नाही. कथा लिहिणाऱ्या स्टॅन लीचं मात्र सात वेळा आहे, मी मोजलं.

आणि 'आपल्याकडे काही नव्हतं' हे तर साफ चूक. व्यंगचित्रकार प्राण यांनी १९६० मध्ये 'मिलाप' या वर्तमानपत्रासाठी डब्बूच्या पट्ट्या सुरू केल्या होत्या. बंगालीत नारायण देबनाथांचे हांदा-भोंदा १९६२ चे, बाटुल १९६५ चा, नोंटे-फोंटे १९६९ चे. अनंत पै यांनी अमर चित्र कथा १९६७ मध्ये सुरू केली, आणि ते स्वतः त्याआधी इंद्रजालच्याच कामात होते. इंद्रजाल मराठीतही निघायचं, याला साक्षीदार मी.

आमचं घर तेव्हा नाशिकच्या सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत, वाड्यात, तीन खोल्यांचं. मी पाचवी-सहावीत असेन. इंग्रजी अंकाची किंमत साठ पैसे असायची ती मला पक्की आठवते, कारण तेवढे पैसे एका वेळी माझ्या मुठीत कधीच आले नाहीत. रविवार कारंज्याच्या अलीकडे एक पानवाला होता, तो सुपारीच्या डब्यांमागे कॉमिक्स ठेवायचा आणि दिवसाला पाच पैसे भाडं घ्यायचा. अंक फाटू नये म्हणून दाभणाने शिवलेला, वरून खाकी पुठ्ठा. शिवण इतकी आत घ्यायचा की डाव्या पानावरच्या प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर त्या दोऱ्यात गडप व्हायचं. ते आपण मनाने भरायचं. मला पुढे प्रूफं वाचायला त्याचा फार उपयोग झाला, हे गमतीने नाही सांगत.

घरात मात्र वेताळ न्यायची चोरी. आमच्या आजीचं माहेर गावाकडचं, तिथे वेशीबाहेर वेताळाचा शेंदूर फासलेला धोंडा. अमावास्येच्या रात्री त्याची पालखी निघते, मशाली दिसतात, पण धरणारे दिसत नाहीत, असं ती शपथेवर सांगायची. तिन्हीसांजेला मी ओसरीवर 'वेताळ' म्हणून मोठ्याने वाचलं की आतून आवाज यायचा, "मेल्या, दिवेलागणीला त्याचं नाव नको घेऊस, तो ओ देतो!" मी तिला चित्र दाखवलं. अंगाला घट्ट कपडे, डोळ्यांवर पट्टी, बोटात कवटीची अंगठी. तिने बराच वेळ निरखून पाहिलं आणि म्हणाली, "हा वेताळ नाही. याच्या पायांत बूट आहेत."

आता हसू येतं. पण ज्याने फँटमचा 'वेताळ' केला त्या माणसाला मी मनातल्या मनात किती वेळा हात जोडलेत. मूळ कथेत जंगलातली माणसं त्याला चालतं-फिरतं भूत म्हणतात, चारशे वर्षं न मरणारा. प्रत्यक्षात बापामागून मुलगा तोच वेश चढवतो. आता 'भूत' म्हटलं असतं तर आम्ही घाबरून सोडून दिलं असतं, 'छाया' म्हटलं असतं तर विसरलो असतो. वेताळ म्हणजे भुतांचा राजा, पण गावाचा राखणदारही. आजीच्या धोंड्याला लोक भ्यायचे आणि नारळही फोडायचे. एका शब्दात दोन्ही बसलं. असा शब्द सापडला की कंपोझिटरसुद्धा अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता थांबतो.

दुसरी एक करामत डेंकालीची. मूळ मालिकेतल्या देशाचं नाव आपल्या बंगालशी फार जुळायचं आणि चाच्यांच्या टोळीचं नाव होतं सिंग. ते आपल्याकडे चालणार नव्हतंच, म्हणून इंद्रजालवाल्यांनी देशाचं केलं डेंकाली आणि चाच्यांचं सिंगा. आम्हाला काय पत्ता! मी आणि शेजारचा माझा मित्र, आम्ही दोघांनी शाळेच्या नकाशासंग्रहात अख्खी आफ्रिका बोटाने विंचरली. भूगोलाच्या गुरुजींना विचारलं तर त्यांनी आम्हालाच विचारलं, "कोणत्या धड्यात आहे?" मित्राने प्रामाणिकपणे सांगितलं. मग जे व्हायचं ते झालं.

आता मूळ मुद्द्यावर येतो, ज्यासाठी पेन हातात घेतलं. लेखात एक वाक्य आहे की हल्क या धिप्पाड कॉमिक्सवीराचा हिरवा रंग हे निसर्गाच्या कोपाचं प्रतीक आहे. संपादकसाहेब, कसला कोप आणि कसलं प्रतीक. तो शाईचा प्रश्न होता.

हे मी एवढ्या ठामपणे का म्हणतो, त्यासाठी एक उंदीर सांगावा लागेल.

मी १९७७ मध्ये इथल्याच एका छापखान्यात ट्रेडल या छपाईयंत्रावर मदतनीस म्हणून लागलो. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, द्राक्षांच्या पेट्यांची लेबलं. पुढे मालकांनी सेकंडहँड एकरंगी ऑफसेट मशीन घेतलं आणि मी त्याचा मशीनमन झालो. एकरंगी म्हणजे रंगीत चित्र छापायचं तर प्रत्येक ताव चार वेळा आत घालायचा, एकदा पिवळ्यासाठी, एकदा मॅजेंटा म्हणजे गुलाबीसर लालासाठी, एकदा निळ्यासाठी, एकदा काळ्यासाठी. एका वर्षी एका किराणा व्यापाऱ्याची पाच हजार कॅलेंडरं आली. चित्र गणपतीचं. गणपती शेंदरी, पीतांबर पिवळा, मोदक पांढरे, सगळं सोपं. पायाशी उंदीर. उंदीर राखाडी.

राखाडी रंग काढायचे दोन मार्ग. काळ्याचे बारीक ठिपके टाकले की लांबून राखाडी दिसतं, हा बिनधोक मार्ग. दुसरा म्हणजे निळा, मॅजेंटा आणि पिवळा हे तिघं नेमक्या मापात एकावर एक बसवायचे. आमच्या निगेटिव्ह करणाऱ्याने दुसरा मार्ग धरला होता. दिसायला तो मऊ दिसतो, पण तीन भावांच्या सामाईक विहिरीसारखी त्याची गत. एकाने बादलीभर जास्त उपसलं की भांडण. दिवस पावसाळी, कागदाने ओल धरलेली, आणि मशीनवरचं शाई-पाण्याचं गणित दर तासाला हलत होतं. शेंदरी गणपतीत थोडं कमीजास्त खपून जातं. राखाडीत नाही खपत. चौथ्या दिवशी गठ्ठा सोडला तर वरचे उंदीर राखाडी, मधले गुलाबी आणि तळाचे चक्क शेवाळी.

मालकांनी एक ताव उचलला, खिडकीशी नेला आणि शांतपणे विचारलं, "हा उंदीर आहे की पोपट?" त्या महिन्याच्या पगारातून दीडशे रुपये कापले. कॅलेंडरं तशीच वाटली गेली. व्यापाऱ्याने बघितलंसुद्धा नाही, त्याचं लक्ष दुकानाचं नाव ठळक आलंय का एवढ्यावर.

पुढे कित्येक वर्षांनी मुलाने मला हल्कची जन्मकथा वाचून दाखवली, तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. मे १९६२ चा पहिला अंक. कथा स्टॅन लीची, चित्रं जॅक कर्बीची, आणि हल्क राखाडी! स्टॅन लीला तो कोणत्याच वंशाचा वाटायला नको होता, म्हणून राखाडी. अंक छापून आला तर एका पानावर फिकट, दुसऱ्यावर जवळजवळ काळा, कुठे हिरवट. माझा उंदीर! दुसऱ्या अंकात त्यांनी सरळ हिरवा करून टाकला आणि तोच जगभर गाजला.

त्या काळी तिकडचे कॉमिक्स स्वस्त न्यूजप्रिंटवर छापायचे. काळा रंग रेघांसाठी राखीव, रंग भरायला तिघेच. आणि त्या तिघांचीही मापं ठरलेली, पाव, अर्धा किंवा पूर्ण. शून्य धरून चार मापं, तीन रंग, म्हणजे चार चोक सोळा आणि सोळा चोक चौसष्ट. आपल्या कला चौसष्ट, त्यांचे रंग चौसष्ट. त्यात राखाडी बसवायचा म्हणजे तिघांचं एकमत हवं. हिरव्याला दोघेच लागतात, निळा आणि पिवळा. त्यातला एखादा हात सैल सोडून पडला तरी पोपटी होईल नाहीतर गर्द होईल, पण हिरवाच राहील. कुठलाही मशीनमन डोळे मिटून हाच सल्ला देईल. मार्व्हलच्या त्या सुरुवातीच्या मंडळींचे रंग ठरवणारा माणूस स्टॅन गोल्डबर्ग. अंकावर त्या काळात लेखकाचं नाव, चित्रकाराचं नाव, फुग्यात अक्षरं लिहिणाऱ्याचंही नाव येऊ लागलं होतं. रंगवाल्याचं नाव यायला पुढचं दशक उजाडलं. आमच्या धंद्यात तेही नाही, पण तो विषय वेगळा.

आयर्न मॅनचंही बघा. मार्च १९६३ मध्ये आला तेव्हा चिलखत राखाडी, पुढच्याच अंकात सोनेरी. कथेत कारण असं दिलंय की ते चिलखत बघून लोक घाबरतात, म्हणून मुलामा दिला. मला ते कारण मनापासून पटत नाही, छापखान्याचा वास येतो. पण माझ्याकडे पुरावा नाही, म्हणून सोडून देतो.

आणि खुद्द वेताळ! ली फॉकच्या मनात तोही राखाडीच होता. नावसुद्धा आधी 'राखाडी भूत' अशा अर्थाचं ठेवायचा विचार होता. वर्तमानपत्रात रोजची पट्टी काळी-पांढरी, तेव्हा प्रश्नच आला नाही. मे १९३९ मध्ये रविवारचं रंगीत पान सुरू झालं आणि तो जांभळा होऊन बाहेर पडला. जंगलात जांभळा! फॉकने मग तेच चालू ठेवलं. इटलीवाल्यांनी त्याला लाल केला, स्वीडनवाल्यांनी निळा. ज्याच्या छापखान्यात जी शाई, तसा ज्याचा त्याचा वेताळ.

अमर चित्र कथेचीही गंमत आहे. दिल्लीतल्या टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देव ओळखता आले, पण रामाच्या आईचं नाव आलं नाही, आणि त्यातून पैंना ही कल्पना सुचली, ती गोष्ट आता सगळ्यांना पाठ आहे, मी परत सांगत नाही. मला जास्त भावतं ते हे, की 'कृष्ण' हा अंक क्रमांक अकरा. पहिले दहा क्रमांक परदेशी परीकथांना गेलेले. आणि सुरुवातीच्या अंकांना पैसे इतके बेताचे की पूर्ण रंग परवडेनात, पिवळा, निळा आणि हिरवा यांवर भागवलं. लाल प्लेटच नाही! कृष्णाचं निभावलं असेल, तो मुळातच निळा. पीतांबरही निघालं, कदंबही निघाला. पण यशोदेच्या गालाला रंग कुठून आणला असेल? राम वाईरकरांनी काढलेली ती पानं. पुढच्या अंकांतून पूर्ण रंग आले आणि पुण्याच्या प्रताप मुळीकांसारखे चित्रकार त्या रंगांत मनसोक्त रमले. नातवाकडे आहेत ती नव्याने छापलेली, चकचकीत कागदावरची. त्यांत ठिपका शोधूनही सापडत नाही, मग मला त्यात काय बघायचं तेच कळत नाही.

माझ्याकडे मराठी इंद्रजालचे एकेकाळी साठ-सत्तर अंक होते. पानवाल्याने धंदा बंद करताना किलोवर विकले, ते मी पहिल्या पगारातून घेतले. वाड्यात खाटेखाली पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलेले. सप्टेंबर २००८ मध्ये गोदावरीच्या पुरात नदीतला दुतोंड्या मारुती बुडाला आणि पाणी सराफ बाजारात शिरलं, तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावर नेलं ते धान्य, कागदपत्रं आणि देव. ट्रंक चौथ्या दिवशी उघडली. आत एकच चौकोनी लगदा, वर गाळाची साय. सुनेने लग्न होऊन जेमतेम वर्ष झालेलं असूनही माझ्या शेजारी बसून सुरीच्या पात्याने पानं सोडवायचा प्रयत्न केला. तीन अंक सुटले. तिन्हींची पहिली आणि शेवटची पानं गेली, त्यामुळे अनुवाद कोणी केला, कुठे छापला, काही काही कळायची सोय नाही. जांभळा रंग मात्र टिकलाय. पिवळा सगळ्यात आधी उडतो, हे धंद्यातल्या कोणीही सांगेल.

तेव्हा माझी आपल्याला एवढीच विनंती की चूकदुरुस्ती छापताना त्याखाली दोन ओळी वाढवाव्यात. नाशिकमध्ये, पंचवटीत, देवळाली-भगूरकडे, नाशिकरोडच्या जुन्या क्वार्टर्समध्ये कोणाच्या माळ्यावर मराठी इंद्रजालचे साठच्या दशकातले अंक असतील, तर रद्दीत घालू नयेत. पहिलं पान शाबूत असेल तर त्याचा मोबाइलवर फोटो काढून आपल्या कार्यालयाकडे पाठवावा. मला अंक नको, फोटोही माझ्याकडे नको, आपण छापा. 'वेताळ' हा शब्द कोणाला सुचला त्याचं नाव मला एकदा छापलेलं बघायचंय. आपल्या सार्वजनिक वाचनालयाचं वय १८४० पासून मोजायचं, तिथल्या जुन्या सभासदांच्या कपाटांतही काही निघेल अशी मला आशा आहे.

माझं नाव-पत्ता पाकिटाच्या मागे लिहिला आहे, तो छापू नये. मित्रमंडळी उंदराची गोष्ट अजून विसरलेली नाहीत.

आपला,
एक निवृत्त मशीनमन,
नाशिक

ता. क. — पत्र पूर्ण झाल्यावर नातवाला माझं जुनं भिंग दिलं आणि आपल्या पुरवणीतला हल्क बघायला लावलं. दहा मिनिटं तो ठिपके मोजत होता. मग म्हणाला, "आबा, स्पायडरमॅनच्या कानाशी लाल रेघ का आहे?" मी पाहिलं तर खरंच, डाव्या अंगाला केसभर लाल बाहेर आलंय, पानभर. आपल्या मशीनवर रात्रपाळीला जो कोणी आहे त्याला माझा नमस्कार सांगा, आणि म्हणावं, मॅजेंटा डावीकडे सरकलाय.